अलाबामा हिल्स

अलाबामा हिल्स : अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील इन्यो परगण्यात, ओवेन्स खोऱ्याच्या पश्चिम कडेला असलेला टेकड्यांचा पट्टा. लोन पाइन हे गाव त्याच्या पूर्व पायथ्याशी असून पश्चिमेस सिएरा नेवाडा पर्वताची सरळसोट भिंत आणि मौंट व्हिट्नी (४,४२१ मी.) हे अलास्का वगळता अमेरिकेतील सर्वोच्च शिखर आहे. टेकड्यांची कमाल उंची सुमारे १,६३० मी. गोलाकार ग्रॅनाइटी धोंडे, नैसर्गिक कमानी, चित्रपटांचे चित्रीकरण आणि प्रस्तरारोहण यांसाठी हा भाग प्रसिद्ध आहे. खडकांच्या आडोशाला कोणत्याही सोयीविना, पैसे न मोजता मुक्काम करण्याची प्रथा येथे दीर्घकाळ चालत आली. ती कशामुळे शक्य झाली आणि तिला अलीकडे बंधने का आली, हे कळण्यासाठी आधी खडक आणि जमिनीची मालकी या दोन गोष्टी पाहाव्या लागतात.

नाव : टेकड्यांचे नाव अलाबामा राज्यावरून पडले, हा समज बरोबर नाही. अमेरिकन यादवी युद्धात (१८६१–६५) दक्षिणेकडील फुटीर राज्यांच्या बाजूने लढणाऱ्या ‘अलाबामा’ या युद्धनौकेवरून दक्षिणेविषयी सहानुभूती असलेल्या खाणशोधकांनी ते दिले. नामकरणाचे वर्ष १८६२ ते १८६४ यांदरम्यान निरनिराळे सांगितले जाते. तथापि ही नौका १८६२ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधून बाहेर पडली. तिच्या पराक्रमाच्या वार्ता सिएराच्या पलीकडील या आडबाजूच्या खोऱ्यात पोहोचून त्यांचा गाजावाजा होण्यास काही महिने तरी लागले असणार. त्यामुळे १८६३ किंवा त्यानंतरचा काळ अधिक संभवतो. १९ जून १८६४ रोजी फ्रान्सच्या शेरबूर बंदराबाहेर उत्तरेच्या ‘किअरसार्ज’ या नौकेने ‘अलाबामा’ बुडवली. त्यावर उत्तरेच्या पक्षपात्यांनी याच खोऱ्यात थोडे उत्तरेकडे एका खाणपट्ट्याला, खिंडीला व शिखराला किअरसार्ज हे नाव देऊन उट्टे काढले. हजारो किलोमीटर दूरच्या समुद्रावरील लढाई अशा रीतीने एका वाळवंटी खोऱ्याच्या नकाशावर कायमची उमटली.

नावाच्या या चर्चेत एक गोष्ट बहुधा सुटते. खोऱ्यात पूर्वीपासून पैयूट या मूलनिवासी लोकांची वस्ती होती. त्यांच्या भाषेत खोऱ्याला ‘पायाहूनाडू’ म्हणतात. जुलै १८६३ मध्ये, म्हणजे वरील नामकरणाच्याच सुमारास, लष्कराने जवळजवळ एक हजार पैयूटांना खोऱ्यातून हुसकून पायी फोर्ट तेहोन येथे नेले. त्यांपैकी बरेच जण पुढे परतले. लोन पाइन येथे पैयूट-शोशोनी जमातीची राखीव भूमी आजही आहे.

खडक व त्यांचा उगम : टेकड्यांत मुख्यतः दोन प्रकारचे खडक आढळतात. पहिला, ज्वालामुखीजन्य खडकांचे रूपांतरण होऊन बनलेला, मळकट नारिंगी छटेचा, सुमारे १५ ते २० कोटी वर्षांपूर्वीचा. दुसरा, कृष्णाभ्रकयुक्त ग्रॅनाइट वर्गातील मॉन्झोग्रॅनाइट, सुमारे ८.२ ते ८.५ कोटी वर्षांपूर्वीचा. छायाचित्रांत दिसणारे बटाट्याच्या आकाराचे प्रचंड धोंडे दुसऱ्या प्रकारचे आहेत. आरोहक आणि मुक्कामाला येणारे दोघेही प्रायः याच भागात वावरतात.

‘अलाबामा हिल्स हे जगातील सर्वांत प्राचीन डोंगर होत’ असे विधान जुन्या प्रवासी माहितीत वारंवार येत असे व अजूनही ऐकू येते. त्यामागचा तर्क समजण्यासारखा आहे. मागे सिएराची धारदार, करवतीसारखी शिखरे आणि पुढे झिजून गोल झालेल्या टेकड्या; तेव्हा झिजलेले ते जुने आणि टोकदार ते नवे, असा निष्कर्ष सहज निघतो. खडकांच्या किरणोत्सारी कालमापनाने मात्र तो टिकला नाही. टेकड्यांतील ग्रॅनाइट आणि मौंट व्हिट्नीचा ग्रॅनोडायोराइट यांचे वय जवळपास सारखे, क्रिटेशस काळाच्या (सुमारे १४.५ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वी) उत्तरार्धातील आहे. दोन्ही सिएरा नेवाडाच्या विशाल पातालिक (भूपृष्ठाखाली खोलवर थिजलेल्या) खडकसमूहाचेच भाग होत. भेद पडला तो उंचीमुळे आणि झिजण्याच्या पद्धतीमुळे.

उंचीचा भेद विभंगांनी, म्हणजे ज्यांच्या दोन्ही बाजूंचे खडक सरकतात अशा भूकवचातील भेगांनी, घडवला. टेकड्या आणि पर्वत यांच्यामध्ये सिएराच्या पायथ्याचा विभंगपट्टा आहे, तर टेकड्यांच्या पूर्वेस ओवेन्स खोऱ्याचा विभंग. पश्चिमेचा ठोकळा वर उचलला गेला, पूर्वेकडील खोऱ्याचा तळ खचून गाळाखाली गाडला गेला आणि अलाबामा हिल्सचा ठोकळा मध्येच पायरीसारखा अडकून राहिला. पर्वताचा उठाव केव्हा झाला याविषयी मात्र तज्ञांत एकमत नाही. एका पक्षाच्या मते आजची उंची मुख्यतः गेल्या काही दशलक्ष वर्षांतील. दुसरा पक्ष सिएरा क्रिटेशसच्या अखेरीपासूनच उंच असल्याचे मानतो. पूर्वेकडील खोरे खचण्याची क्रिया तुलनेने अलीकडची आहे, याबद्दल दोन्ही पक्षांत फारसा वाद नाही आणि अलाबामा हिल्सच्या संदर्भात तेवढे पुरेसे आहे.

झिजण्याचा भेद असा. उंचावर भेगांत शिरलेले पाणी गोठून फुगते व खडक फोडते. त्यामुळे शिखरे टोकदार राहतात. खाली, ग्रॅनाइट मातीच्या आच्छादनाखाली असताना उभ्या-आडव्या भेगांतून पाणी झिरपत राहिले. फेल्डस्पार या ग्रॅनाइटमधील खनिजाची माती झाली, कृष्णाभ्रक फुगला आणि खडकाचे कण एकमेकांपासून सुटले. भेगांनी कापलेल्या ठोकळ्याच्या कोपऱ्यावर ही क्रिया तीन बाजूंनी, कडेवर दोन बाजूंनी, तर सपाट पृष्ठावर एकाच बाजूने होते. म्हणून कोपरे आधी जातात व गाभा गोलसर उरतो. याला गोलाभ विदारण म्हणतात. येथील भेगा बव्हंशी उभ्या असल्याने बरेच धोंडे टोकावर उभे केल्यासारखे दिसतात. गोलाई किती प्रमाणात जमिनीखाली आली आणि किती उघडे पडल्यावर, हे ठरवणे कठीण आहे. आजचे कोरडे हवामान पाहता मोठा वाटा भूमिगत, अधिक ओलसर काळाचा असावा, हे मत अधिक पटण्याजोगे आहे. वरची भुसभुशीत माती वाहून गेल्यावर धोंडे उघडे पडले.

मराठी वाचकाला याचे जवळचे उदाहरण हंपीचे. तेथील धोंडेही याच क्रियेने घडले आहेत. फक्त त्यांचा ग्रॅनाइट सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे अलाबामा हिल्सपेक्षा कितीतरी पट जुना आहे. ‘जगातील सर्वांत प्राचीन’ या दाव्याचा निकाल एवढ्यावरही लागतो. दख्खनच्या बेसाल्टमध्येही गोलाभ विदारण रस्त्याकडेच्या कापांत दिसते, पण तेथे आरोहणायोग्य धोंडे क्वचितच उरतात.

या विवेचनाचा मुक्कामाशी थेट संबंध आहे. ग्रॅनाइटचे सुटे झालेले कण धोंड्यांच्या पायथ्याशी साठून खरखरीत, पाण्याचा चटकन निचरा करणारे वाळूचे चौथरे बनले. तंबू लागतात ते याच चौथऱ्यांवर. खडकांच्या बेचक्यांत वारा अडतो. सिएरावरून खाली कोसळणारे वारे येथे इतके जोरदार असतात की उघड्यावर ठोकलेला तंबू रात्रभर टिकेल याची शाश्वती नसते.

१८७२ चा भूकंप : २६ मार्च १८७२ रोजी पहाटे अडीचच्या सुमारास ओवेन्स खोऱ्याचा विभंग सरकला. लोन पाइनमधील ५९ घरांपैकी ५२ पडली व सुमारे २७ माणसे दगावली. मृतांचा आकडा थोड्याफार फरकाने निरनिराळा दिला जातो. गावाच्या उत्तरेस त्यांपैकी काहींची सामाईक दफनभूमी आहे. भूकंपाची महत्ता (मोठेपणाचे माप) पूर्वी ७.४ ते ७.६ धरत. तत्कालीन वृत्तांतांची फेरतपासणी करणाऱ्या २००८ मधील एका अभ्यासात ती ७.८ ते ७.९ असावी, म्हणजे १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपाच्या तोडीची किंवा त्याहूनही मोठी असावी, असे मांडले गेले. विभंगावरील सरक मुख्यतः आडवी, सरासरी सुमारे ६ मी. होती. टेकड्यांच्या पूर्व कडेला विभंगाचा कडा अद्याप स्पष्ट दिसतो.

जमिनीची मालकी : पश्चिम अमेरिकेतील सरकारी जमीन एकोणिसाव्या शतकात वसाहतकऱ्यांना वाटली गेली. जेथे शेती होणार नव्हती आणि खाणही लागली नाही, ती जमीन कोणी मागितलीच नाही. ती सरकारकडे उरली. १९३४ च्या चराई कायद्याने अशा जमिनींवरील गुरेचराईस शिस्त लावली. १९४६ मध्ये जुने भूमी कार्यालय व चराई सेवा एकत्र करून ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट ही संस्था स्थापन झाली आणि १९७६ च्या कायद्याने या जमिनी सामान्यतः सरकारकडेच राहतील असे ठरले. अलाबामा हिल्सचा बहुतांश भाग याच संस्थेच्या ताब्यात आहे. खोऱ्याच्या तळाची परिस्थिती निराळी आहे. तेथील पुष्कळ जमीन पाण्याच्या हक्कांसाठी लॉस अँजेलिस शहराने विकत घेतली आणि १९१३ पासून खोऱ्याचे पाणी कालव्याने शहराकडे जाते. म्हणजे उपयोगी जमीन शहराकडे गेली आणि निरुपयोगी ठरलेल्या खडकांत लोकांना मुक्त वावर मिळाला.

मुक्कामाची प्रथा : ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या जमिनींवर, अन्यथा मनाई नसेल तेथे, आखीव तळाबाहेर कोठेही राहण्याची मुभा असते. तिला डिस्पर्स्ड कॅम्पिंग म्हणतात. भाडे नाही, तसेच नळ, शौचालय, मेज, कचराकुंडी यांपैकीही काही नाही. एका जागी साधारणपणे १४ दिवसांची मर्यादा असते. आधीच वापरात असलेल्या, झाडोरा गेलेल्या जागीच तंबू किंवा गाडी लावावी, नवी जागा उघडू नये, असा संकेत आहे. वाळवंटी भूमीवर सूक्ष्मजीवांचा पातळ थर असतो. तो तुडवला गेला की भरून येण्यास वर्षानुवर्षे लागतात, हे त्याचे कारण. मुक्कामी लोक बहुतेक मूव्ही रोड या कच्च्या रस्त्याच्या दुतर्फा उतरत. पाणी व किराणा लोन पाइनहून आणावा लागतो. पर्वताच्या पर्जन्यछायेत असल्याने वर्षाचा पाऊस जेमतेम १३ ते १५ सेंमी. पडतो. उन्हाळ्यात दुपारचे तापमान ३८° से.च्या वर जाते, हिवाळ्यात रात्री पाणी गोठते. त्यामुळे शरद आणि वसंत हेच मुक्कामाचे हंगाम.

मौंट व्हिट्नीच्या वाटेवर निघालेले गिर्यारोहक चढाईपूर्वीची रात्र येथे काढतात. ज्यांना सोयी हव्यात त्यांच्यासाठी जवळच टटल क्रीक येथे अल्प शुल्काचा आखीव तळ आहे.

आरोहण : चढाया बहुधा एका दोराच्या लांबीत संपणाऱ्या, बोल्ट (दोर अडकवण्यासाठी खडकात बसवलेले खिळे) ठोकलेल्या व मध्यम अवघड श्रेणीच्या आहेत. ग्रॅनाइट भरड कणांचा असल्याने पकड चांगली मिळते. मात्र कमी चढल्या गेलेल्या मार्गांवर पृष्ठभागाचे कण व पापुद्रे हाताखाली सुटतात. शार्क्स फिन ही उभी पातळ भिंत विशेष परिचित. कस पाहणाऱ्या बोल्डरिंगसाठी (दोराविना कमी उंचीच्या धोंड्यांवर चढण्यासाठी) आरोहक सुमारे ९५ किमी. उत्तरेकडील बिशपच्या परिसरात जातात. मोबियस कमानीसारख्या कमानींवर चढू नये, असा सर्वमान्य संकेत आहे.

चित्रीकरण : १९२० पासून येथे चित्रपट होऊ लागले, विशेषतः घोडेस्वारांचे. हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवरील कथा सांगणाऱ्या ‘गंगा दीन’ (१९३९) या हॉलिवूडच्या चित्रपटासाठी या टेकड्याच सरहद्दीचा मुलूख बनल्या. खैबरशी त्यांचे साम्य दुरूनच आहे. गावात या चित्रपटपरंपरेचे संग्रहालय आहे.

निर्बंध : १२ मार्च २०१९ रोजी मंजूर झालेल्या डिंगेल कायद्याने सुमारे १८,६१० एकर क्षेत्राला राष्ट्रीय निसर्गरम्य क्षेत्राचा दर्जा मिळाला. याच कायद्याने सुमारे १३२ एकर जमीन लोन पाइन पैयूट-शोशोनी जमातीसाठी विश्वस्त स्वरूपात राखली गेली. तोवर समाजमाध्यमांमुळे गर्दी वाढली होती आणि २०२० च्या महासाथीत उघड्यावर राहण्याची ओढ आणखी बळावली. त्याचे परिणाम जमिनीवर दिसू लागले : नव्या चाकोऱ्या, दगडांची चुलाणी आणि विशेषतः मानवी विष्ठा. कोरड्या, जैवअंश नसलेल्या वाळूत ती कुजत नाही. पुरलेली वाऱ्याने उघडी पडते. त्यामुळे पुरण्याऐवजी पिशवीत बांधून परत नेण्याचा आग्रह धरला जातो. मौंट व्हिट्नीच्या मार्गावर ते सक्तीचेच आहे.

कायद्यानंतर झालेल्या व्यवस्थापन आराखड्यानुसार काही भाग केवळ दिवसाच्या वापरासाठी राखले गेले. इतरत्र ठरवून दिलेल्या जागांवरच राहता येते आणि त्यासाठी आगाऊ परवाना घ्यावा लागतो. परवान्याला शुल्क नाही. शेकोटीसाठी राज्याचा वेगळा परवाना लागतो आणि वणव्याच्या हंगामात शेकोटीस मनाई असू शकते. जागांची संख्या मर्यादित झाल्याने, पूर्वीप्रमाणे रात्री उशिरा येऊन मिळेल त्या धोंड्यामागे गाडी लावणे आता नियमबाह्य ठरते. सोयीविना मुक्काम विनाशुल्क राहिला, पण अनिर्बंध राहिला नाही. दक्षिण कॅलिफोर्नियातील इतर सरकारी वाळवंटी जमिनींवर जुनी मुभा पुष्कळ ठिकाणी अद्याप आहे. तेथेही जाण्यापूर्वी संबंधित कार्यालयाचे चालू नियम पाहणे इष्ट.