बारशिंग्याची बारा शिंगे कुठे असतात?

परवा एका बातमीचा मथळा होता, 'विहिरीत पडलेल्या बारशिंग्याला जीवदान'. फोटोत जनावर स्वच्छ दिसत होते: मातकट तपकिरी अंग, मानेवर राठ केस, आणि प्रत्येक शिंगाला तीन टोके. म्हणजे एकूण सहाच. ते सांबर होते! फाटे फुटलेली शिंगे दिसली की आपण सरसकट 'बारशिंगा' म्हणून मोकळे होतो.

बारशिंग्यालाही शिंगे दोनच. बारा भरतात ती दोन्ही शिंगांची मिळून टोके, आणि तीही ढोबळमानाने. दहा ते चौदा नेहमी दिसतात. आज महाराष्ट्राच्या रानात हा प्राणी नाही. पाहायचा तर कान्हाला जावे. १९७०च्या सुमारास तिथे तो अवघा ६६वर आला होता, तिथून सावरला. काश्मीरच्या हंगुल या हरणालाही काहीजण बारशिंगाच म्हणतात, तेव्हा घोळ फक्त आपलाच नाही.

खरी पंचाईत 'शिंग' या शब्दाची आहे. काळविटाचे शिंग म्हणजे हाडाच्या गाभ्यावर केराटिनचे, आपल्या नखांच्याच द्रव्याचे टोपण. ते जन्मभर टिकते. सांबर, चितळ, बारशिंगा यांचे शिंग निव्वळ हाड, नरालाच येणारे. ते गळते आणि पुन्हा उगवते.

मला वेड लावते ते हे उगवणे. कवटीवर दोन खुंट असतात, त्यांवर कोंब फुटतो. वाढ शेंड्याला होते: आधी कूर्चा, मागून तिचे हाड. वरून मखमली कातडी, आत रक्तवाहिन्यांचे जाळे, त्यामुळे कोवळे शिंग चक्क ऊबदार असते. मोठ्या जातींत ते दिवसाला दोन सेंटिमीटरही वाढते. एवढे कॅल्शियम चाऱ्यातून भागत नाही, म्हणून शरीर ते स्वतःच्या बरगड्यांतून उसने घेते. पुढे टेस्टोस्टेरॉन हे नराचे हार्मोन चढते, हाड पक्के होते, कातडीचे रक्त आटते, आणि नर झाडांना घासून तिच्या चिंध्या काढतो. माज ओसरला, टेस्टोस्टेरॉन उतरले, की ऑस्टिओक्लास्ट नावाच्या हाडे पोखरणाऱ्या पेशी खुंट आणि शिंग यांचा सांधा कुरतडतात. मग एखाद्या साध्या हिसक्याने शिंग खाली. खच्ची केलेल्या नराचे कोवळे शिंग मात्र मखमलीतच राहते, पक्के होत नाही. सगळा खेळ हार्मोनचा आहे तो असा.

आमच्या आजीच्या सहाणेजवळ सांबरशिंगाचा तुकडा असे. बरगडीत चमक भरली की ती ते उगाळून कोमट लेप लावायची. त्या लेपात औषधी असे काय होते? हाडाची भुकटी, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट. गुण आला असेल तर तो उबेचा आणि आजीच्या हाताचा. शिवाय १९७२च्या वन्यजीव कायद्यामुळे रानात गळून पडलेले शिंगही उचलून घरी आणता येत नाही.

रानात ते वायाही जात नाही. पालापाचोळ्यात पडलेले शिंग जवळून पाहिले तर कडेला बारीक, समांतर चरे दिसतात. ते साळिंदराच्या दातांचे. कॅल्शियम त्यालाही हवे असते.