टाकणखार की तुरटी? कोंबड्याच्या कातडीला काय चोळायचं

किराणा दुकानात दोन्ही पांढरे खडे. कुटले की भुकटी सारखीच दिसते, आणि तव्यावर टाकले तर दोन्हींची लाही फुलते, कारण दोन्ही खड्यांत पाणी कोंडलेलं असतं. पक्ष्यात पेंढा भरायला शिकताना मी पहिल्या कोंबड्याला टाकणखार समजून तुरटीच चोळली होती. मानेची कातडी आवळून कडक झाली आणि टाक्यापाशी चिरली. तो कोंबडा मी अजून जपून ठेवलाय.

तुरटीचा गुण आवळण्याचा. दाढी झाल्यावर न्हावी ती फिरवतो, तेव्हा गालाला जाणवतंच. शेळीच्या जाड चामड्याला मिठासोबत ती चालते, ते कमावलं जातं. कोंबड्याची कातडी मात्र कांद्याच्या पापुद्र्यासारखी. ती आवळली की आधी टाके ओढले जातात.

टाकणखार चामडं कमावत नाही. तो ओल ओढतो आणि कसर व चामडं खाणाऱ्या अळ्यांना दूर ठेवतो. आपल्या विदर्भात हे फार मोलाचं, कारण मृगापासून पोळ्यापर्यंत हवा दमट असते आणि कपाटातला पक्षी त्याच दिवसांत पोखरला जातो.

ओळखायचं कसं? चाखून तर मुळीच नाही. चिमूटभर भुकटी पाण्यात विरघळवा आणि त्यात थोडी हळद टाका. टाकणखार असेल तर पाणी तांबूस होतं, तुरटी असेल तर पिवळंच राहतं. कॅरमवर टाकतात ती पावडर बहुधा बोरिक आम्ल असते. ती तिसरीच वस्तू, टाकणखाराच्या नावावर खपवू नका.

चुकून तुरटी लागली आणि कातडी अजून ओली असेल, तर घाबरू नका. गार पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून ती हळुवार धुवा, कापडात दाबून पाणी काढा, मग आतल्या बाजूने टाकणखार चोळा. पंखांच्या आणि पायांच्या हाडांपाशी, कवटीच्या आत सढळ हाताने. चोळण्याआधी चरबी मात्र खरवडायलाच हवी. पिसांवर पिवळं तेल उतरतं ते चरबी राहिल्यामुळे, तिथे टाकणखाराचा इलाज नाही. मे महिन्यात काम करत असाल तर ओला कापूस हाताशी ठेवा, कारण इथल्या उन्हाळ्यात कातडी हातातच वाळते.

सराव गावरान कोंबड्यावरच करा, तोही खाण्यासाठी कापलेल्या. रोगाने मेलेला नको. शिवारात मेलेला मोर किंवा घुबड सापडलं तरी उचलू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो सरकारी मालमत्ता आहे, वनविभागाला कळवा.

टाकणखार चोळताना नाकाला रुमाल बांधा, आणि उरलेली पुडी स्वयंपाकघरात ठेवू नका. तिथे ती कुणीही तुरटी समजून पाण्याच्या रांजणात फिरवेल.