खिशातला पास: अपार्थाइडच्याही आधीपासूनची गोष्ट

अपार्थाइड, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतला सरकारी वर्णभेद म्हटलं की सगळे १९४८ पासून सुरुवात करतात, गोऱ्यांची नॅशनल पार्टी निवडून आली, मलान पंतप्रधान झाला आणि कायद्यांची रांग लागली. खोटं नाहीये ते, पण अर्धवट आहे, कारण काळ्या माणसाला रोजच्या रोज ज्यानं छळलं तो खिशातला पास, म्हणजे फिरायचा-राहायचा परवाना, कितीतरी जुना. केपमध्ये, म्हणजे देशाच्या दक्षिण टोकाला, डच होते तेव्हापासून गुलामांना मालकाच्या चिठ्ठीशिवाय फिरता यायचं नाही, मग इंग्रज आले आणि १८०९ ला त्यांनी तिथल्या मूळच्या खोईखोई लोकांनाही पास लावला.

खरा जोर आला तो खाणींमुळे. किंबर्लीला हिरे, १८८६ ला विटवॉटर्सरँडला सोनं. मजूर पाहिजे होते, स्वस्तात पाहिजे होते, पण काम संपल्यावर शहरात नको होते! आता स्वतःची शेती असलेला माणूस जमिनीखाली कशाला मरायला जाईल? म्हणून मग त्याच्यावर कर बसवला, तोही रोखीत, आणि १९१३ च्या लँड ॲक्टनं तर देशातली जेमतेम ७ टक्के जमीन काळ्यांना ठेवली (१९३६ ला १३ च्या आसपास गेली). जमीन गेली की माणूस शहराकडे येणारच, आणि आला की पास दाखव.

आपल्या लोकांवरही वेळ आलीच होती. ट्रान्सवालमध्ये (जोहान्सबर्ग ज्यात येतं तो प्रांत) आशियाईंना बोटांचे ठसे देऊन रजिस्ट्रेशन सक्तीचं केलं, तेव्हा १६ ऑगस्ट १९०८ ला जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीपाशी गांधींनी लोकांची सर्टिफिकेटं जाळली. १९१२ ला गोखलेसुद्धा तिकडे जाऊन करार संपलेल्या भारतीय मजुरांवरच्या ३ पौंडांच्या कराबद्दल बोलून आले. पण ती लढाई भारतीयांपुरती होती, काळ्यांचा पास त्यात नव्हता, हे सांगताना आपण सोयीस्करपणे गाळतो.

१९४८ नंतर काय झालं तर हे सगळं एकदम पक्कं बसवलं. १९५० ला प्रत्येकाच्या नावापुढे वंश लिहिला, केसात पेन्सिल अडकते का पडते यावरून माणूस कोणत्या वंशाचा ते ठरवल्याचे प्रकार झालेत, हसावं की रडावं कळत नाही. १९५२ च्या कायद्याचं नावच होतं पास रद्द करण्याचा कायदा, आणि केलं काय, तर सुटे कागद काढून एकच जाड पुस्तक दिलं, फोटो, ठसे, मालकाची सही, कराच्या नोंदी सगळं त्यात. लोक त्याला डोमपास म्हणायचे, मूर्ख पास. तिथंच जन्म, किंवा एकाच मालकाकडे १० वर्षं नोकरी, किंवा कायदेशीरपणे सलग १५ वर्षं तिथं राहणं, असं काही नसेल तर परवानगीशिवाय शहरात ७२ तासांच्या वर थांबायचं नाही.

बायकांनाही पास लावायला घेतला तेव्हा ९ ऑगस्ट १९५६ ला सुमारे २० हजार जणी प्रिटोरियात सरकारच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. आणि २१ मार्च १९६० ला शार्पव्हिलमध्ये लोक पास घरी ठेवून, करा आम्हाला अटक म्हणत पोलीस स्टेशनवर गेले, गोळीबारात ६९ मेले, बऱ्याच जणांना गोळ्या पाठीत लागलेल्या. सरकारनं थोडे दिवस पासावरच्या अटका थांबवल्या आणि परत सुरू केल्या.

पास गेला १९८६ ला. लँड ॲक्ट १९९१ ला, म्हणजे ७८ वर्षांनी. पुढे १९९४ ला गेलेली जमीन परत मागायचा कायदा आला, पण त्यात तारीख घातलीय १९ जून १९१३, लँड ॲक्ट आला ती, त्याच्या आधी गेलेल्या जमिनीवर दावाच करता येत नाही.