मळता येणारे खोडरबर मातीचे नसते

चित्रकारांचे करड्या रंगाचे, मळता येणारे खोडरबर म्हणजे चिकणमाती किंवा कणीकच असते आणि ते कडक झाले की पाण्यात भिजवावे, असा समज वर्षानुवर्षे पुढे पाठवला जातो. त्यामागे कारण आहे: हे खोडरबर हाताला मातीसारखे लागते, आणि रबर येण्यापूर्वी युरोपात पावाचा मऊ गर दाबून रेघा खरोखरच पुसत असत. झाडाच्या चिकापासून बनलेल्या रबराचा हा उपयोग इंग्लंडमध्ये 1770 च्या सुमारास लोकांना कळला.

प्रत्यक्षात हे खोडरबर रबरासारख्या लवचीक, चिकट पदार्थात खनिजांची बारीक भुकटी मिसळून करतात. नेहमीचे खोडरबर घासल्यावर झिजते आणि त्याचा भुगा पडतो. हे मात्र कागदावर नुसते दाबले, तरी पेन्सिलीच्या शिशातल्या ग्राफाइटचे किंवा कोळशाचे कण स्वतःला चिकटवून उचलते. शिवाय ते मळता येत असल्याने, चित्रातल्या नाकाच्या शेंड्यावर उजेडाचा ठिपका उमटवायला त्याचे टोक सुईसारखे करता येते, ही त्याची खरी थोरवी आहे.

खात्री घरीच करता येते. खोडरबराचा वाटाण्याएवढा तुकडा आणि तेवढीच सुकी चिकणमाती पाण्यात रात्रभर ठेवावी. माती फुटून तिचा गाळ होतो, तुकडा मात्र तसाच राहतो. मळल्यावर काळेपणा नाहीसा होत नाही, तो आत पसरतो. त्यामुळे पुरते काळवंडलेले खोडरबर कागदावर डाग पाडू लागले की भिजवून उपयोग नाही, ते बदलावेच लागते.