साखर कारखाने आणि शाळा: सभासदांची पोरं, तोडणीवाल्यांची पोरं

शेतमालाच्या पैशातून शाळा चालवायची पद्धत महाराष्ट्रात सहकारी साखर कारखान्यांच्याही आधीची आहे. 1919 साली कराडजवळच्या काले गावात भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. त्याआधी ते किर्लोस्करांचे नांगर खपवत खेडोपाडी हिंडले होते. वसतिगृहाला बायाबापड्या घरटी मूठमूठ धान्य देत.

1950 च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा केला आणि त्या मुठीची जागा उसाच्या बिलातल्या कपातीने घेतली. कर्ज, ठेव यांच्या रांगेत शिक्षणाचाही एक रकाना आला. टनामागे किरकोळ रक्कम, पण हजारो सभासद. त्यातूनच 1964 साली प्रवरेची निवासी शाळा निघाली. वारणेसह बाकीच्या कारखान्यांनीही तीच वाट धरली. 1983 साली मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली, तेव्हा साखरपट्ट्यातल्या पुढाऱ्यांकडे जागा, पैसा आणि माणसं तयारच होती. संस्थांची पुढे राजकारणासाठी किती सोय झाली, ते वेगळं सांगायला नको.

ही सगळी सोय सभासदाच्या पोरांसाठी होती. ऊस तोडणारा सभासद नव्हता.

बीड, पाथर्डीकडची ऊसतोड करणारी जोडपी मुकादमाची, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ रक्कम) घेऊन दसरा-दिवाळीला निघतात आणि उन्हाळ्यात परततात. शाळा मात्र जूनपासून एप्रिलपर्यंत चालते. त्यामुळे पोराची पहिली सहामाही गावात होते आणि दुसरी कोपीवर, म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपडीत, धाकट्या भावंडाला सांभाळत, वाढे (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करत.

यावर उपाय म्हणून कारखान्यांच्या आवारात हंगामापुरत्या साखरशाळा निघाल्या. बैलगाडीवाल्यांचा अड्डा कारखान्याजवळ असतो, त्यांच्या पोरांना त्या जमल्या. ट्रकवाल्या टोळ्या फडामागून फड (उसाची शेतं) बदलत फिरतात, त्यांची पोरं हजेरीपटावर टिकेनात. शिवाय गावातली शाळा आणि साखरशाळा यांचा अभ्यास कधी एका पानावर नसायचा. 2010 मध्ये शिक्षण हक्क कायदा लागू झाल्यावर या मुलांना जवळच्या नियमित शाळेत बसवायचं ठरलं, पण टोळीने तळ हलवला की तिथलंही नाव कागदावरच राहायचं.

मग पोराला गावातच ठेवण्याचा विचार पुढे आला. आधी हंगामी वसतिगृहं आली. 2021 मध्ये सरकारने संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर केली: 41 तालुक्यांत 82 वसतिगृहं, मुलांची आणि मुलींची वेगळी. यात कारखान्यांचा वाटा गाळपाच्या टनामागे द्यायच्या रकमेचा आहे; साखरशाळेसारखी आवारातली जागा आता त्यांच्याकडे मागितली जात नाही. शाळेचं वय न झालेली पोरं मात्र अजूनही आईबापांबरोबर फडावरच जातात.