सातची पाऊणपट

आज सप्तमी. सातची पाऊणपट सव्वापाच, म्हणजे सव्वापाचला भरती. तिथून सव्वासहा तासांनी, साडेअकराच्या सुमाराला पुरी सुकती, म्हणजे ओहोटी. आमच्या किनाऱ्यावरच्या बायका हा हिशेब तोंडी करतात आणि दहालाच टोपली-कोयती घेऊन कालवांच्या खडकावर जातात.

दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून भरती रोज पाऊण तासाहून थोडी अधिक उशिरा येते. पाऊणपट आली ती यातूनच. पिढ्यानपिढ्या पाहिलं, मोजलं आणि आडाखा रोज समुद्रावर पडताळला. नैसर्गिक विज्ञानाची सुरुवात हीच, असं मला ठाम वाटतं. पुढचा प्रश्न, असं का? त्याचं उत्तर न्यूटनने १६८७ मध्ये मांडलं: चंद्र-सूर्याचं गुरुत्वाकर्षण. अमावास्या-पौर्णिमेला दोघांची ओढ एका रेषेत येते म्हणून उधाण. अष्टमीच्या सुमारास ती काटकोनात, म्हणून भांगाची भरती बेताची. एवढ्यातच भौतिकशास्त्र आणि खगोलशास्त्र दोन्ही आले.

रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि पृथ्वीविज्ञान या नैसर्गिक विज्ञानाच्या उरलेल्या शाखा. गणित या सगळ्यांचं हत्यार आहे, पण ते स्वतः निसर्गाचा अभ्यास नाही. टोपलीभर कालवांना बाजारात भाव काय मिळेल, हा प्रश्न सामाजिक विज्ञानाचा.

शाळेत या शाखांची वेगवेगळी पुस्तकं होतात, खडकावर मात्र त्या वेगळ्या काढता येत नाहीत. पाणी उतरलं की कालव शिंपा घट्ट मिटून आत ओल धरून ठेवतं. भरतीला उघडतं, पाणी गाळतं, त्यातले सूक्ष्म जीव खातं. हे झालं जीवशास्त्र. पण तीच शिंपा कॅल्शियम कार्बोनेटची, समुद्रात विरघळलेलं कॅल्शियम उचलून घडवलेली.

आणि घराच्या भिंतीचा चिरा, म्हणजे जांभा दगडाचा तासलेला ठोकळा? सड्यावरचा, म्हणजे खडकाळ पठारावरचा, जांभा बहुतेक ठिकाणी मुळात काळा बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. लाखो पावसाळ्यांनी त्यातली सिलिका धुऊन नेली. मागे राहिली लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं. जांभ्याचा तांबडा रंग लोहाचा, गंजाच्याच जातीचा. खाणीतून नुकता काढलेला चिरा ओला आणि मऊ असतो, सहज तासता येतो. उन्हावाऱ्यात पडला की आतली ओल उडते, लोहाची संयुगं घट्ट बसतात आणि तोच चिरा भिंतीत पिढ्या काढतो.