मुक्तस्रोत औषधसंशोधन : नागपूरच्या संदर्भासह

औषध, लस किंवा निदानचाचणी शोधण्याचे काम एका कंपनीच्या बंद प्रयोगशाळेपुरते न ठेवता, त्यातील माहिती, अर्धवट कल्पना आणि फसलेले प्रयोगदेखील सर्वांसाठी खुले करून, वेगवेगळ्या संस्थांतील व देशांतील लोकांनी ते मिळून पुढे नेण्याच्या पद्धतीला मुक्तस्रोत औषधसंशोधन म्हणतात. ‘मुक्तस्रोत’ ही संज्ञा संगणकाच्या आज्ञावलींच्या क्षेत्रातून आली आहे. पण तेथील सगळे नियम औषधांना लागू पडत नाहीत. आज्ञावलीची दुसरी प्रत काढायला जवळपास काहीच खर्च येत नाही. गोळ्यांच्या प्रत्येक खेपेला मात्र कच्चा माल, कारखाना, परवाना आणि गुणवत्तेची तपासणी लागते. त्यामुळे या पद्धतीचा मोठा उपयोग रेणू शोधण्याच्या सुरुवातीच्या टप्प्यात होतो. माणसांवरील चाचण्या आणि उत्पादन यांसाठी कोणीतरी पैसा उभा करावाच लागतो, आणि पुष्कळ प्रकल्प तेथेच अडले आहेत.

जनेरिक औषध आणि मुक्तस्रोत औषध यांची अनेकदा गल्लत होते. जनऔषधी दुकानात मिळणारी गोळी ही पेटंट संपलेल्या किंवा पेटंट नसलेल्या औषधाची प्रत असते. मुक्तस्रोत संशोधनाचा संबंध नवे औषध कसे शोधले जाते याच्याशी आहे. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाला नव्हे, तर ते बनवण्याच्या प्रक्रियेलाच पेटंट देण्याचे धोरण घेतले. त्यामुळे देशी कंपन्यांना वेगळ्या वाटेने तेच औषध बनवता आले आणि किमती खाली राहिल्या. २००५ पासून औषधावरही पेटंट मिळू लागले. १९७० च्या धोरणामुळे जुन्या औषधांचा प्रश्न बराचसा सुटलेला राहिला, परंतु ज्या रोगांवर नवे औषधच कोणी शोधत नव्हते त्यांचा प्रश्न तसाच राहिला.

क्षयरोग हे त्याचे ठळक उदाहरण आहे. रिफॅम्पिसिन वापरात आल्यानंतर सुमारे चाळीस वर्षे क्षयावर नव्या वर्गातील औषध आले नाही. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेत बेडाक्विलिनला मान्यता मिळाली तेव्हा ही खीळ निघाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगभरात सुमारे १ कोटी ८ लाख लोकांना क्षयरोग झाला, त्यांतील २६ टक्के भारतातील होते, आणि साडेबारा लाख लोक दगावले. नागपुरात मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयाच्या) परिसरातील एका भागाला आजही ‘टीबी वॉर्ड’ याच नावाने ओळखतात, यावरून हा रोग शहराच्या परिचयात किती मुरला आहे ते कळते. रोगी बहुसंख्य, पण खिसा रिकामा, अशी बाजारपेठ असल्याने मोठ्या औषध कंपन्यांना तिच्यात दीर्घकाळ रस नव्हता.

या पार्श्वभूमीवर वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने (सीएसआयआर) सप्टेंबर २००८ मध्ये तिचे तत्कालीन महासंचालक समीर ब्रह्मचारी यांच्या पुढाकाराने ‘ओपन सोर्स ड्रग डिस्कव्हरी’ हा प्रकल्प सुरू केला आणि पहिले लक्ष्य म्हणून क्षयरोग निवडला. नोंदणी करणाऱ्याला एक अट मान्य करावी लागे : येथील माहिती वापरून केलेली सुधारणा पुन्हा याच सामायिक साठ्यात जमा करायची. विशेष म्हणजे त्यात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मोठा वाव मिळाला. क्षयजंतूच्या सुमारे ४,००० जनुकांची माहिती नव्याने तपासून लावण्याचे काम बव्हंशी विद्यार्थ्यांनीच केले आणि ते २०१० मध्ये जाहीर झाले. त्या वेळी काही बातम्यांमधून जणू जंतूचा जनुकक्रमच भारतात प्रथम उलगडल्याचा समज पसरला, तो बरोबर नाही; मूळ क्रम १९९८ मध्येच प्रसिद्ध झाला होता. विद्यार्थ्यांनी विखुरलेल्या शोधनिबंधांतील ज्ञान एकेका जनुकाला जोडले. काम मोलाचे होते, पण ते औषध नव्हे. आणि या प्रकल्पातून बाजारात पोहोचलेले नवे औषध निघाले नाही.

हिवतापावरील प्रयत्न याहून अधिक काटेकोरपणे खुला राहिला. त्या वेळी सिडनी विद्यापीठात असलेले रसायनशास्त्रज्ञ मॅथ्यू टॉड यांच्या ‘ओपन सोर्स मलेरिया’ प्रकल्पात प्रयोगवही रोजच्या रोज सर्वांना दिसते, कोणीही सहभागी होऊ शकतो आणि पेटंट घ्यायचे नाही, असे नियम आहेत. त्यांच्या कामाला ग्लॅक्सोस्मिथक्लाइन कंपनीने २०१० मध्ये खुल्या केलेल्या तेरा हजारांहून अधिक रेणूंच्या यादीचा आधार मिळाला. याच चमूच्या मदतीने २०१६ मध्ये सिडनीतील शाळकरी मुलांनी पायरिमेथामिन हे औषध शाळेच्या प्रयोगशाळेत बनवले. अमेरिकेत त्याच्या एका गोळीची किंमत वर्षभरापूर्वी साडेतेरा डॉलरवरून एकदम ७५० डॉलर करण्यात आली होती. मुलांनी बनवलेली पूड रुग्णाला देता येत नव्हती, हे उघड आहे. किंमत आणि बनवण्याचा खर्च यांचा काही मेळ नाही, एवढे मात्र त्यातून दिसले. गडचिरोलीसारखा हिवतापग्रस्त जिल्हा विदर्भातच असल्याने येथील लोकांच्या दृष्टीने हा विषय दूरदेशीचा नाही.

लसींच्या बाबतीत मुक्तपणाचा अर्थ बहुधा तंत्राचे हस्तांतर असा असतो, कारण लस बनवण्याची कृती कागदावर पूर्ण उतरत नाही. ती कारखान्यातील माणसांच्या हातात असते. कोव्हिडवरील कॉर्बेव्हॅक्स ही लस टेक्सासमधील पीटर होटेझ आणि मारिया एलेना बोटाझी यांच्या चमूने पेटंट न घेता विकसित केली आणि हैदराबादच्या बायॉलॉजिकल ई कंपनीने ती बनवली. तिच्यासाठी यीस्टमध्ये प्रथिन तयार करण्याचे जुने, हिपॅटायटिस-बी लसीमुळे भारतीय कारखान्यांच्या अंगवळणी पडलेले तंत्र निवडले होते. सरकारसाठी तिची किंमत करांव्यतिरिक्त १४५ रुपये होती, आणि १६ मार्च २०२२ पासून देशभर बारा ते चौदा वर्षांच्या मुलांना ती दिली गेली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली, डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत प्रथम वापरली गेलेली मेनिंजायटिस-ए लसही अर्ध्या डॉलरपेक्षा कमी किमतीत उपलब्ध झाली; काटेकोर अर्थाने ती मुक्तस्रोत नव्हे, पण तिच्यामागे अमेरिकी सरकारी शास्त्रज्ञांनी दिलेले तंत्र आणि आधीच ठरलेली स्वस्त किंमत होती.

नागपूरचा या विषयाशी थेट संबंध राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेमुळे (नीरी) येतो. १९५८ मध्ये स्थापन झालेली ही सीएसआयआरची संस्था मुख्यतः पाणी, सांडपाणी आणि हवा यांवर काम करते. कोव्हिडच्या काळात तेथील विषाणुशास्त्र विभागाने खारट पाण्याच्या गुळण्यांवर आधारलेली आरटी-पीसीआर पद्धत तयार केली. नेहमीच्या पद्धतीत नाकातोंडातून स्वॅब घेण्यासाठी प्रशिक्षित माणूस लागतो, त्यानंतर विषाणूचे आरएनए (जनुकीय द्रव्य) वेगळे काढण्याचे संच लागतात. दोन्ही गोष्टी महाग आणि साथीच्या काळात दुर्मीळ. नीरीच्या पद्धतीत व्यक्ती स्वतःच सुमारे पंधरा सेकंद गुळण्या करून ते पाणी नळीत घेते. प्रयोगशाळेत ते साध्या द्रावणात अर्धा तास ठेवून ९८ अंश सेल्सिअसला सहा मिनिटे तापवले की चाचणीजोगा नमुना तयार होतो. आरएनए वेगळे काढण्याची पायरीच गळते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मे २०२१ मध्ये तिला मान्यता दिली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये संस्थेने हे तंत्रज्ञान राष्ट्राला अर्पण केल्याचे जाहीर करून ते कोणा एकाला एकाधिकार न देता केंद्रीय सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाकडे सोपवले, म्हणजे पात्र असलेला कोणताही छोटा उद्योजक ते घेऊ शकेल. येथे संशोधन जगापुढे रोज उघडे नव्हते. खुले झाले ते फळ. तरीही सामान्य माणसाच्या दृष्टीने या प्रकारचा मुक्तपणा कमी महत्त्वाचा ठरत नाही.

विदर्भात ही पद्धत पुढे कोठे लागू पडेल याचा विचार केला, तर सिकलसेलचा, म्हणजे तांबड्या रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार प्रथम आठवतो. मध्य भारतातील सिकलसेलविषयी शुक्ला आणि सोळंकी यांचे लेखन १९५८ मधले आहे, आणि नागपूर परिसरातील अनेक आदिवासी व बिगर-आदिवासी समाजांत तो आढळतो. त्यावर डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत मान्य झालेल्या जनुकसंपादन उपचाराची तेथील किंमत २२ लाख डॉलर होती. दुसऱ्या टोकाला हायड्रॉक्सियुरिया हे जुने आणि स्वस्त औषध आहे. त्याच्या बाबतीत अडथळा पेटंटचा नसून मात्रेचा आहे : नेहमीची कॅप्सूल ५०० मिलिग्रॅमची असते, आणि लहान मुलाला वजनानुसार त्याहून कमी मात्रा द्यायची असल्यास कॅप्सूल उघडून पूड वाटून घ्यावी लागते किंवा ती एक दिवसाआड द्यावी लागते. मुलांच्या मात्रेचे टिकाऊ पातळ औषध बनवण्याची कृती खुली करणे हे नवा रेणू शोधण्यापेक्षा पुष्कळ सोपे काम आहे, आणि औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांच्या आवाक्यातले आहे.